चौदाव्या दिवसाचं गाव

रहिमतपूर,
४ डिसेंबर २०२४

प्रिय दादासो यास,

लालासाहेबाचा रामराम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत घातलं नसशील, तर त्याबद्दल आधीच आभार. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं तुमच्या कुंडलच्या एका पाहुण्याकडून कळलं. आता काठीशिवाय चालतोस का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मनुबाईला साखर निघाली, म्हणून शिक्षा मलाही झाली. घरात चहा बिनसाखरेचा. ऊस अजून उभा आहे. तोडीची टोळी उद्या येते, परवा येते असं महिनाभर चाललंय. वारं सुटलं की पाचट सळसळतं आणि मी अंगणातून उठून घरात जाऊन बसतो. असो.

पत्र लिहायला कारण घडलं. गेल्या रविवारी रविराज आला होता. ज्योतिबाचा मुलगा. नव्वद साली ज्योतिबाच्या स्मारकाच्या दगडाच्या कार्यक्रमात तू त्याला त्याच्या आईच्या, भामाबाईच्या कडेवर पाहिलंस, तोच. आता छत्तीस वर्षांचा बाप्या आहे. आटपाडीत ट्रॅव्हल्सचं ऑफिस टाकलंय, काशी-रामेश्वरच्या गाड्या काढतो. आला, पाया पडला आणि पिशवीतून छापील कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. वर मोठ्या अक्षरात ‘श्रीलंका दर्शन, २१ दिवस’. खाली नावं तीन: तो, त्याची बायको सोनिया आणि मी. मार्गदर्शक म्हणून.

दादासो, खरं सांगतो, तो कागद वाचताना मला आठवीचा वर्ग आठवला. भिंतीवरचा तो फाटका नकाशा, आणि भारताच्या पायाशी थेंबासारखं लोंबणारं ते बेट. गुरुजी समुद्राची कविता चालीवर म्हणायचे आणि समुद्र कधीच न पाहिलेली आम्ही चाळीस पोरं माना डोलवायचो. पुढे आपली फौज शांतता राखायला तिकडे गेली, तेव्हा आपण त्याच बेटावर दीड वर्ष काढलं. पण पाहिलं काय? ट्रकच्या ताडपत्रीच्या फटीतून दिसला तेवढाच तो देश आपला.

आता बघ. पहिले दोन दिवस कोलंबो. मग गॉलचा किल्ला आणि दक्षिणेचा किनारा. सहाव्या दिवशी चहाच्या मळ्यांतून जाणारी आगगाडी; म्हणे दारात बसून पाय सोडले की ढग पायाला लागतात. नवव्या दिवशी कँडी, बुद्धाच्या दाताचं देऊळ. मग सिगिरियाचा तो उभा खडक, बाराशे पायऱ्या. मनुबाई म्हणाली, “घरातला जिना चढताना धाप लागती, आन निघाला लंकेला. मारुती हायसा का तुमी?” मी म्हटलं, हळूहळू चढेन. मग त्रिंकोमालीचं समुद्राच्या कड्यावरचं शंकराचं देऊळ. तेरा दिवस असे, की एकेक दिवस एकेक कडवं वाटावं.

चौदाव्या दिवसापुढे त्यानं ठिकाणाचं नाव छापलेलंच नाही. पेनानं लिहिलंय, ‘अण्णांचं गाव. मुक्काम दोन दिवस.’ अण्णा म्हणजे आपला ज्योतिबा; बाप तिथं पडला, म्हणून ते त्याचं गाव.

मी त्याला म्हटलं, अरे, उत्तरेकडे बघण्यासारखं काही नाही. ताडाची झाडं आणि लाल माती. त्यापेक्षा चहाच्या मळ्यात तीन दिवस वाढव. मी पेन्सिलीनं तसा नवा कार्यक्रमही मांडून दिला. सुवाच्य अक्षरात. त्यानं तो नीट वाचला, घडी केली, खिशात घातला. म्हणाला, “काका, मळं काय, फोटूतबी दिसत्यात. मला त्या जागंवर हुबं ऱ्हायाचंय. तुमी तितं निस्तं बोट दावायचं, हितं पडलं म्हून. बास.”

आता तुला कळलं असेल, मी का लिहितोय. त्या शाळेच्या चौकीत आपण तिघं होतो, आणि आज दोघं उरलोय. तो मला एवढंच विचारणार आहे, आणि मला एकट्याला बोट दाखवता यायचं नाही. तू चल. तुझं तिकीट मी काढतो. फेब्रुवारीच्या तीन तारखेला मुंबईहून निघायचं आहे.

त्यांच्या गावातला दगड परवाच रंगवून घेतला, असंही तो सांगत होता. माझ्या ओळी आता सोनेरी केल्यात. शाळेतली पोरं दर सव्वीस जानेवारीला त्या पाठ म्हणतात. तुला त्या ओळींचा राग आहे, ठाऊक आहे. त्यांच्यामुळेच तू चौतीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. पण वृत्त तरी चुकलेलं नाही रं. भुजंगप्रयात, एक मात्रा इकडची तिकडे नाही:

पुढे वाघ गेला, न मागे वळाला
उरी घाव घेई, न पाठीस त्याला

उत्तराची वाट पाहतो. नाही म्हणायचं असलं तरी लिही.

तुझा,
मास्तर
(पलटणीत तूच ठेवलेलं नाव आहे, म्हणून लिहिलं.)

*

रहिमतपूर,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय दादासो,

रामराम. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन सायकल न थांबवता पुढे जातो तेव्हा मनुबाई म्हणते, “कुणाच्या पत्राची वाट बगताय? हाय का कोण जुनी?” मी हसतो. तिला मी सांगितलेलं नाही. काहीच नाही. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली.

पासपोर्ट आला. फोटोत मी घाबरलेला दिसतो. रविराज रोज काही ना काही मोबाइलवर पाठवतो. खडकाचा फोटो, देवळाचा फोटो, कुठं काय खायचं त्याची यादी. आठवडाभर मीही त्यात रमलो. वहीत प्रत्येक ठिकाणापुढे दोन-दोन ओळी रचल्या. शाळेत शिपाई होतो तेव्हा पाण्याची घागर घेऊन वर्गाबाहेर उभा राहायचो आणि आतली कविता संपल्याशिवाय आत जायचो नाही, तसाच मी त्या चौदाव्या दिवसाच्या अलीकडे उभा होतो.

परवा दुपारी त्याचा फोन आला.

जाफन्याकडचा एक ड्रायव्हर त्यानं गाडीसाठी ठरवलाय. मोडकं हिंदी बोलतो. रविराजनं त्याला आपल्या चौकीचा तो जुना फोटो पाठवला होता. शाळेच्या पायरीवर बसलेले आपण तिघं, मध्ये ज्योतिबा. ड्रायव्हर तो फोटो घेऊन चार गावं फिरला आणि पाचव्या गावात त्याला शाळा सापडली. शाळा अजून आहे, दादासो. छपराचे पत्रे बदललेत. आणि शाळेच्या पलीकडे, कुंपणाला लागून घर होतं ना, तेही आहे. त्यातली बाईही आहे. सत्तरीच्या पुढची. तिनं फोटोवर बोट ठेवलं ते ज्योतिबावरच.

रविराज मला म्हणाला, “काका, येक इचारू का? ती बाई म्हणती, ह्यो शिपाई माझ्या शेळीपायी गेला. आमचं अण्णा तर चढाईत गेलं न्हवं? मग शेळी कुठनं आली?”

मी म्हटलं, “परकी भाषा. ड्रायव्हरला नीट सांगता आलं नसंल.”

“व्हय, तसंच आसंल. ती म्हणती, बाकीचं समोर आल्यावर सांगंन. समोर बसलं की कळंलच.” मग म्हणाला, “तुमी हायसाच की संगं.”

फोन ठेवला. मनुबाईनं चहा ठेवला, तो निवला.

आजवर मी हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहून कसं दिसतं ते मला पाहायचंय. नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी. दुपारचे चार, पावसानं अंधारून आलेलं. तू आत रेडिओपाशी. मी वर्गाच्या खिडकीत पहाऱ्यावर. तीस पावलांवर ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, त्याच्या मागे काटेरी तार. ते कुंपण हललं. खालून, जमिनीलगत. माणूस चालतो तसं वरून नाही.

तू कधी डुकरांपासून ऊस राखला नाहीस. माझ्या बापानं मला दहाव्या वर्षी ठासणीची बंदूक देऊन बांधावर बसवलं होतं. म्हणायचा, “डुक्कर दिसायची वाट बघायची न्हाई. दिसलं म्हंजी अंगावर आलंच. पातं बुडातनं हाललं की ठोकायचं.” कुंपण बुडातून हललं आणि मी ठोकलं. मी तेव्हा सैनिक नव्हतो, दादासो. मी बांधावरचं पोर होतो. बोट माझं होतं, हुकूम बापाचा होता. एकच गोळी.

पुढचं तुला माहीत आहे. झावळ्या बाजूला केल्या तेव्हा ज्योतिबा तारेवर पालथा पडला होता, आणि जखम पाठीत होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मग आपण दोघांनी एकच जबाब दिला, की पलीकडून गोळी आली. तू ते माझ्यासाठी केलंस, आणि एक अट घातलीस: “गावाकडं गेल्यावर भामाबाईला तू सवता सांगायचं.” मी मान डोलावली होती. दीड वर्षानं तिच्या दारात गेलो तर दगडाच्या कार्यक्रमाचा मांडव घातलेला, सारा गाव जमलेला, आणि माझ्या खिशात त्या दोन ओळी होत्या. मी त्या चालीवर म्हटल्या. बायका रडल्या. तू चप्पल घालून निघून गेलास.

आता ऐक. मी एक मार्ग काढलाय. दोन्ही गोष्टी जुळतात. ज्योतिबानं आधी शेळी सोडवली आणि परत येताना शत्रू दिसला म्हणून तो पुढे धावला. बाईनं फक्त पहिला भाग पाहिला असेल. आपण दोघं एकच सांगितलं, तर रविराज परक्या म्हातारीपेक्षा आपलं ऐकेल. तू फक्त हो म्हण. येऊ नको हवं तर. फोनवर त्याला तेवढं सांग.

लवकर उत्तर दे. दिवस थोडे राहिलेत.

तुझा,
लालासाहेब

*

रहिमतपूर,
२१ जानेवारी २०२५

दादासो,

तुझं कार्ड चार तारखेला मिळालं. चौतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोनच ओळी: “मास्तर, कविता बास झाल्या. भामाबाई जित्ती हाय, तवर जा.”

आठ दिवस ते कार्ड उशीखाली ठेवलं. बारा तारखेला विट्याची पहिली एसटी धरली, तिथून आटपाडी, तिथून वडापची, माणसं कोंबून भरणारी जीप. दुपारी एकच्या सुमाराला त्यांच्या गावात उतरलो. उतरल्या-उतरल्या दगड दिसतो. मी त्याच्याकडे न बघता वळलो.

भामाबाई अंगणात होती. आई मेलेलं एक कोकरू मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. केस सगळे पांढरे, हात मात्र तसेच. “आवं, भावजी? आन पत्र ना फोन? रवी, काका आल्यात रं. पानी दे,” म्हणाली. रविराज घरातच होता. हातात कागद होता, विमानाच्या वेळांचा. मला म्हणाला, “बरं झालं आलासा. खिडकीची शीट धरलीया तुमास्नी.”

मी पाणी प्यालो नाही. पाणी पिऊन सांगता आलं नसतं.

सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच. कुंपण, गोळी, पाठ. पण दादासो, तिथं मी आणखीही एक सांगितलं, जे तुलाही माहीत नाही. तू इतकी वर्षं मला थोडं तरी माफ केलं असशील, तर ते या समजुतीनं, की ज्योतिबा न सांगता बाहेर गेला, नियम त्यानं मोडला. जबाबातही आपण तसंच म्हटलं.

तो सांगून गेला होता.

तारेत अडकलेली शेळी दुपारपासून ओरडत होती. मला ती ऐकू येत होती, पण माझ्या लेखी ते नुसतं ओरडणं. त्याला त्यातलं कळत होतं. दोनदा उठला, दोनदा बसला. मग माझ्या पाठीमागे येऊन म्हणाला, “मास्तर, शेळी अडलीया. करडू आडवं आलंया. दोघंबी मरत्याली. म्या आलोच. ध्यान ठिवा.” मी म्हटलं, “हं.”

त्या वर्गातल्या फळ्यावर तिथल्या गुरुजींची एक कविता तशीच राहिली होती, आठवतं? आपल्याला वाचता येत नव्हती, पण ओळींच्या लांबीवरून मी ओळखलं होतं, की कविता आहे. तू पुसायला निघालास आणि मी पुसू दिली नव्हती. त्या दिवशी मी तिच्या लांबीबरहुकूम पावसावर एक ओळ बसवत होतो. एक गुरू अक्षर कमी पडत होतं. तो काय म्हणाला ते कानात शिरलं, आत गेलं नाही. ओळ बसली तेव्हा मी खूश होतो. मान वर केली, आणि कुंपण हललं.

भामाबाई कोकराला पाजतच होती. कोकराचं दूध संपलं, तरी बाटली त्याच्या तोंडात तशीच होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, “शेळी वाचली का?”

मी म्हटलं, “ठाऊक नाही.”

“आन करडू?”

“बघितलं नाही.”

“येवढा माणूस गेला जिच्यापायी, ती जगली का मेली त्ये बी बगितलं न्हाई तुमी?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारी भाव विचारावा तसं विचारलं तिनं. मग कोकरू खाली सोडलं, लुगडं झटकलं आणि रविराजला म्हणाली, “माजंबी कागद कर. म्या येती. त्या बाईलाच इचारते.” ती आधी नको म्हणाली होती, मेंढरं कोण बघंल म्हणून.

रविराज पुढे आला. मला वाटलं मारेल. मी त्यासाठी तयार होतो, खरं तर त्याची वाटच पाहत होतो. त्यानं फक्त हातातल्या कागदाची घडी केली, आधी उभी, मग आडवी, आणि म्हणाला, “शेवटची जीप तीनला हाय, काका. चला, सोडतो.” मोटारसायकलवर मागे बसून मी त्या दगडावरून गेलो. त्यानं वेग कमी केला नाही. जीप सुटेपर्यंत तो तिथंच, माझ्याकडे पाठ करून उभा होता.

घरी येऊन मनुबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तेव्हापासून थट्टा बंद आहे. वेळेवर “जेवा” म्हणते, वेळेवर गोळ्या देते. रात्रीचं अंथरूण माजघरात टाकते.

मला वाटलं, सहल आता मोडली. उलट पाच दिवसांनी रविराजनं नवा कार्यक्रम पाठवला. कसलाही मजकूर नाही, नुसता कागद. गॉल नाही, आगगाडी नाही, खडक नाही, समुद्राच्या कड्यावरचा शंकर नाही. सोनियाचं नाव काढून तिथं भामाबाईचं घातलंय. पहिला दिवस कोलंबो. दुसरा दिवस प्रवास. तिसऱ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत एकच ठिकाण, त्याच पेनानं लिहिलेलं. एकोणीस दिवस, दादासो. त्या गावात दोन दिवसांत पाहण्यासारखंही काही नाही.

खाली परतीच्या विमानाचा रकाना आहे. त्यात दोनच नावं आहेत. मी फोन केला. म्हटलं, “रवी, माझं परतीचं राहिलंय बघ.” तो अगदी शांतपणे, पूर्वीच्याच आदरानं बोलला. “ऱ्हायलं न्हाई, काका. तुमचं तितं ठरवू. आई म्हणती, आदी त्या बाईचं समदं ऐकू, मंग.”

“मग काय?” असं मी विचारलं नाही. तूही मला विचारू नकोस.

मी जाणार आहे. पहिल्या पत्रात तुला चल म्हटलं होतं, ते मागे घेतो. तू येऊ नकोस. तिथं बोट मलाच दाखवायचं आहे, आणि शेजारी तू असलास तर मी तुझ्याकडे पाहीन. तुझा जबाबही मी त्यांच्यापुढे माझ्याच माथी घेतलाय. तुला कुणी विचारायला येणार नाही. आलंच, तर खरं तेवढं सांग.

एक काम मात्र कर. पंचवीस फेब्रुवारीपर्यंत मी रहिमतपूरला दिसलो नाही, तर तू इकडे ये. एसटी दारातून जाते. मनुबाई तुला ओळखेल. तिला तुझ्याशीच बोलता येईल, दुसऱ्या कुणाशी नाही. तिच्या गोळ्या वेळेवर चालल्यात का बघ. माझ्या वह्या माळ्यावर आहेत, त्यातली एकही कुणाला वाचू देऊ नकोस.

गुडघा सांभाळ. थंडीत तेल लाव.

नाईक लालासाहेब,
त्या दिवशी पहाऱ्यावर असलेला